चिलखत दगडावर आहे, कबरीत नाही

बस. आणि मी बोलत असताना मध्येच ‘पण मॅडम’ नको. आधी सगळं ऐकून घे, मग काय सांगायचं ते सांग.

तुझ्या निबंधाचं पहिलं वाक्य असं आहे: ‘ग्लाउबर्गच्या डोंगरी किल्ल्यावर चिलखत घातलेला एक सेल्टिक राजा अडीच हजार वर्षं विसावला होता.’ वाक्य झोकदार आहे, पण त्यातलं काय टिकतं ते बघ. कबर किल्ल्यावर नाही, टेकडीच्या दक्षिण पायथ्याशी आहे. माणूस एक नाही, दोन आहेत. चिलखत कबरीत सापडलेलंच नाही. आणि राजा तर तू तुझ्या पदरचा घातलास. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलानं असं लिहावं याचा मला राग आला आहे, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. तुला लिहिता येतं, म्हणून तर राग जास्त आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याची चूक चार ओळींत उघडी पडते. तुझी चूक लोक आवडीनं वाचतील आणि पुढे सांगत सुटतील.

जमिनीत काय होतं तिथून सुरू करू, कारण तू तिथून सुरुवात केलीच नाहीस.

जर्मनीच्या हेसन राज्यात, फ्रँकफर्टच्या ईशान्येला ग्लाउबर्गची सपाट माथ्याची टेकडी आहे. माथ्यावर तटबंदी, आणि वस्ती नवाश्मयुगापासून मध्ययुगापर्यंत पुन्हा पुन्हा झालेली. पायथ्याच्या शेतात नांगरून नांगरून जमीनदोस्त झालेलं एक मातीचं टेकाड होतं. 1980 च्या दशकात विमानातून पाहताना त्याच्या खंदकाचं कडं पिकात उमटलेलं दिसलं. 1994 ते 1997 या काळात फ्रिट्झ-रूडॉल्फ हेरमान यांच्या नेतृत्वाखाली तिथं उत्खनन झालं. टेकाडाचा व्यास सुमारे 48 मीटर, भोवती गोल खंदक, आणि त्या खंदकाला येऊन मिळणारी, दोन्ही बाजूंना चर असलेली सुमारे 350 मीटर लांबीची वाट. टेकाडाच्या मधोमध खड्डा होता, आणि तो रिकामा होता. कबरी त्या मध्यापासून बाजूला सरकलेल्या. दोन्ही कबरी मातीसकट अख्ख्या उचलून विस्बाडेनच्या प्रयोगशाळेत नेल्या आणि तिथं माती कणाकणानं बाजूला केली.

पहिल्या कबरीत लाकडी कोठडी आणि तिच्यात पुरलेला तिशीच्या आसपासचा पुरुष. गळ्यात सोन्याची हसळी, हातात सोन्याचं कडं, बोटात अंगठी. सोबत तलवार, भाले, ढाल, बाणांचा भाता आणि ब्राँझची चोचीची सुरई. सुरईत मधाची दारू होती, हे तळाशी राहिलेल्या परागकणांवरून कळलं. दुसऱ्या कबरीतही पुरुषच, पण जाळलेला. त्याच्याबरोबरही तलवार, भाला आणि मधाच्या दारूचं ब्राँझचं भांडं आहे.

हे सगळं तुझ्या निबंधात सातव्या पानावर एका परिच्छेदात येतं, आणि तेही अर्धवट. पहिली सहा पानं चिलखताची. ते चिलखत कुठून आलं? 1996 साली खंदकात सापडलेल्या वालुकाश्माच्या पुतळ्यावरून. पुतळा पावलं तुटलेल्या अवस्थेत 1.86 मीटर उंच आणि सुमारे 230 किलो वजनाचा आहे. त्याच्या अंगावर खांद्यावरून पट्टे आलेलं चिलखत कोरलं आहे, चामड्याचं किंवा जाड लिननचं असावं असं. डाव्या हाताशी ढाल, उजव्या कमरेला तलवार, गळ्यात तीन लोलकांची हसळी. आणि पहिल्या कबरीतल्या हसळीलाही तसेच तीन लोलक आहेत.

हे साम्य खरं आहे, जबरदस्त आहे, आणि ते तुला भावलं याबद्दल मी तुला दोष देत नाही. मलाही ते भावतं. पुतळा घडवणाऱ्याला ती हसळी माहीत होती, असं तू लिहिलं असतंस तर मी समासात बरोबरची खूण केली असती. तू मात्र पुतळ्यावरचं चिलखत काढून प्रेताला चढवलंस, आणि चढवल्याचं वाचकाला कळू दिलं नाहीस. ‘त्याच्या छातीवरचं चिलखत काळानं कुजवलं’ असं लिहितोस! लिनन कुजतं, चामडं कुजतं, हे मला मान्य आहे. पण कुजून नाहीसं झालेलं असू शकतं म्हणजे तिथं होतं, हा कुठला न्याय? त्या न्यायानं तू कबरीत काहीही ठेवू शकतोस. पुरावा नसणं हे काहीही भरण्याचं रिकामं पोतं नव्हे.

आता पुढचं ऐक, कारण इथं तू नुसती चूक केलेली नाहीस, वाचकाला फसवलं आहेस. त्याच ठिकाणी आणखी तीन पुतळ्यांचे तुकडे मिळाले. हे तुला माहीत होतं. तू वापरलेल्या लेखात ते स्पष्ट लिहिलं आहे, आणि त्या पानावर तुझ्याच पेन्सिलीच्या खुणा मी पाहिल्या. तरी निबंधात ते नाही. का नाही? कारण एकसारखे चार पुतळे असतील तर ‘हे त्या मृत राजाचं हुबेहूब चित्र’ हे तुझं विधान डळमळतं. चार पुतळे, दोन मृत माणसं. मग हे व्यक्तिचित्र की पूर्वजांची रांग? की एखाद्या वीराची ठरलेली प्रतिमा, जी मोठ्या माणसाच्या कबरीशी उभी करायची? हा प्रश्न तुझ्या निबंधाचा कणा व्हायला हवा होता. तो गैरसोयीचा वाटला म्हणून तू उचलून बाजूला ठेवलास. चुकीचा अर्थ लावणारा विद्यार्थी मला चालतो. पुरावा दडवणारा चालत नाही.

पुतळ्याच्या डोक्यावर पानांच्या आकाराचं मोठं शिरोभूषण आहे. ती पानं मिसलटो या बांडगुळाची मानली जातात. तिथून तू थेट द्रुइडांवर, सेल्टिक धर्मगुरूंवर, उडी मारलीस: हा राजाही होता आणि धर्मगुरूही. आधार कोणता? द्रुइड मिसलटोला पवित्र मानत असं लिहिणारा रोमन लेखक थोरला प्लिनी. प्लिनी इसवी सन 79 मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात वारला. ग्लाउबर्गची कबर इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातली. मध्ये पाच शतकं गेली, आणि प्लिनी लिहीत होता तो गॉलबद्दल, हेसनबद्दल नाही. आजच्या एखाद्या परदेशी प्रवाशाच्या नोंदीवरून तू बहमनी काळातल्या एखाद्या गावाची पूजापद्धत सांगशील का? मी सांगू देईन का? त्यातून तशीच पानं असलेला मुकुट हायडेलबर्गच्या दगडी मस्तकावर आहे, फाल्झफेल्डच्या खांबावरच्या चेहऱ्यांवर आहे. म्हणजे ही त्या काळच्या कलेतली प्रस्थापित खूण आहे. तिचा अर्थ शोधायचा तर या सगळ्या खुणा शेजारी मांडून पाहाव्या लागतात. ते काम आहे, म्हणून तू ते टाळलंस.

टेकाडाजवळच्या 16 खांबांच्या खड्ड्यांची तू एका ओळीत वेधशाळा केलीस. लांब वाटेची दिशा चंद्राच्या 18.6 वर्षांच्या चक्राशी जुळते, असा दावा काही अभ्यासकांनी केला आहे, हे खरं. दावा मांडणं त्यांचं काम, तपासणं तुझं. सगळे खांब एकाच वेळी उभे होते का, हे आधी ठरायला हवं. आज तिथं उभे दिसतात ते खांब आपल्या काळात उभारलेले आहेत आणि तू त्यांचाच फोटो जोडला आहेस. मधल्या रिकाम्या खड्ड्याबद्दल लिहितोस, ‘चोरांना चकवण्यासाठी’. ही एक शक्यता म्हणून मांडली गेली आहे. तुझ्या हातात शक्यता आली की तिचं खात्रीत रूपांतर होतं.

आणि तारीख! ‘रेडिओकार्बननुसार इ.स.पू. 450’. हे वाचून मी वही खाली ठेवली. इसवी सनापूर्वी सुमारे 800 ते 400 या टप्प्यात रेडिओकार्बनच्या मापाचं वर्षांत रूपांतर करणारा कॅलिब्रेशनचा आलेख जवळजवळ सपाट आहे, हे पहिल्या सत्रात शिकवलं आहे. त्या चार शतकांतला कोळसा असो की हाड, रेडिओकार्बन एवढा नेमका आकडा देऊच शकत नाही. ग्लाउबर्गचा काळ ठरतो तो कपड्याला लावायच्या पिनांच्या घडणीवरून, नक्षीवरून, भांड्यांच्या आकारावरून. ज्या वस्तूंकडे तू ढुंकून पाहिलं नाहीस, त्याच वस्तू तुला तारीख देत होत्या.

आता तुझा राजा.

सोनं होतं, तलवार होती, टेकाड मोठं होतं, म्हणून राजा. आणि तलवार होती म्हणून ‘रणांगणात पडलेला’. मेलेला माणूस स्वतःची कबर रचत नाही. ती मागे राहिलेले रचतात, आणि त्यांना काय दाखवायचं असतं ते दाखवतात. जर्मनीतल्याच होखडॉर्फचं उदाहरण मी याच वर्गात दिलं होतं. 1978-79 मध्ये योर्ग बील यांनी खोदलेली ती कबर. त्या माणसाच्या जोड्यांवर सोन्याचे पत्रे होते. ते पत्रे दफनासाठीच घडवलेले होते, सोनं घडवल्याच्या खुणा टेकाडातच मिळाल्या. आणि डाव्या पायाचा पत्रा उजव्याला, उजव्याचा डाव्याला लावला गेला होता. त्या सोन्याच्या जोड्यांत तो माणूस एक पाऊलही चालला नव्हता. मग त्या जोड्यांवरून तू त्याच्या रोजच्या थाटाबद्दल काय सांगणार? त्यांवरून सांगता येतं ते दफन करणाऱ्यांबद्दल: त्यांच्याकडे सोनं किती होतं, कारागीर कसे होते, आणि या माणसाचा मान जगाला दाखवणं त्यांना का निकडीचं वाटलं. माझ्या मते हा प्रश्न ‘तो राजा होता का’ यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

सत्तेबद्दल बोलायचंच असेल तर पुराव्यानं बोल. 2024 मध्ये होखडॉर्फ आणि आस्पेर्ग इथल्या कबरींतल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन मोठ्या टेकाडांतले पुरुष एकमेकांचे मामा-भाचे असण्याची शक्यता पुढे आली. म्हणजे मान आईच्या बाजूनं चालत आला असावा. हे वाचलं असतंस तर ‘पित्याकडून पुत्राकडे आलेलं सिंहासन’ असं लिहायला तुझा हात धजावला नसता.

आपल्या मनातली चौकट कबरीवर लादली की काय होतं, ते व्हिक्सला पाहा. फ्रान्समधल्या मोंट लासुआ या डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी 1953 मध्ये रेने जोफ्रुआ यांना एक कबर मिळाली. 1.64 मीटर उंचीचा ब्राँझचा रांजण, चाकं काढून ठेवलेला रथ, सोन्याची हसळी. हाडं स्त्रीची. इतकं वैभव एका बाईचं, हे काही विद्वानांच्या पचनी पडेना, म्हणून त्यांनी तिला बाईच्या वेषातला पुरुष पुरोहित ठरवलं. पुढच्या अस्थी-अभ्यासानं ती स्त्रीच असल्याचं पक्कं झालं. विद्वान शिकलेले होते, अभ्यासू होते. त्यांना आधी उत्तर हवं होतं, एवढंच त्यांचं चुकलं. तुझंही तेवढंच चुकलं आहे, आणि तेवढं पुरेसं आहे.

तू म्हणशील, अर्थ लावायला नको तर मग पुरातत्त्व कशाला? यादी करणारे कारकून व्हायचं का? नाही. अर्थ लाव, पण अर्थ लावताना किती मोठी माणसं घसरली ते लक्षात ठेव.

मॉर्टिमर व्हीलर. 1934 ते 1937 या काळात त्यांनी इंग्लंडमधला मेडन कॅसल हा प्रचंड डोंगरी किल्ला खोदला. आपले डॉ. हसमुख सांकलिया तेव्हा लंडनला शिकत होते. त्यांनी त्याच उत्खननात हात मळवले, आणि ती शिस्त घेऊन ते पुण्याला डेक्कन कॉलेजात आले. तू आज चर खोदताना भिंत उभी सरळ ठेवतोस, थरांना क्रमांक देतोस, छेद काढतोस, ते ज्या परंपरेतून आलं तिच्या उगमाशी व्हीलर आहेत. खोदण्यात त्यांच्याइतकं काटेकोर कोणी नव्हतं. आणि त्याच माणसानं पूर्वेच्या दरवाज्याजवळ सापडलेल्या कबरींवरून एक युद्धकथा रचली. एका सांगाड्याच्या मणक्यात लोखंडी टोक रुतलेलं होतं. व्हीलर म्हणाले, रोमन यंत्रधनुष्याचा बाण. रोमन सेनापती व्हेस्पेशियनच्या सैन्यानं इसवी सन 43 च्या सुमारास किल्ल्यावर हल्ला केला, कत्तल झाली, आणि वाचलेल्यांनी रात्रीतून घाईघाईनं प्रेतं पुरली. व्हेस्पेशियननं वीसहून अधिक किल्ले घेतले एवढं रोमन चरित्रकार स्युटोनियसनं लिहून ठेवलं होतं. मेडन कॅसलचं नाव त्यात नाही. ते व्हीलरनी भरलं.

दशकानुदशकं ती कथा पाठ्यपुस्तकांत राहिली. घाईनं पुरली असं म्हटलं त्या प्रेतांजवळ मांसाचे तुकडे आणि पेयांची भांडी नीट मांडलेली होती, याकडे लोकांचं लक्ष जायला वेळ लागला. 1985-86 मध्ये नायल शार्पल्स यांनी किल्ला पुन्हा तपासला आणि कथा विरू लागली. 2025 मध्ये त्या सांगाड्यांच्या नव्या रेडिओकार्बन तारखा प्रसिद्ध झाल्या. मृत्यू एका दिवशीचे नव्हते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, काही पिढ्यांमध्ये ते पसरलेले होते. हिंसा खरी होती, कवट्यांवरचे घाव खरे आहेत. पण ती बहुधा स्थानिकांनी स्थानिकांवर केलेली होती. व्हीलरच्या कथेनं त्या माणसांचा खरा इतिहास जवळजवळ नव्वद वर्षं झाकून ठेवला.

आणि हे तिकडचं तिकडे राहिलं असं समजू नकोस. व्हीलर 1944 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत आधीच्या उत्खननांत मिळालेले काही सांगाडे त्यांनी पुन्हा पुढे आणले आणि शहराच्या नाशाचं खापर ऋग्वेदातल्या इंद्राच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या आर्यांच्या, माथी फोडलं. मेडन कॅसलला स्युटोनियस, इथं ऋग्वेद. तीच पद्धत: ग्रंथातलं वाक्य घ्यायचं आणि सांगाड्यावर ठेवायचं. 1964 मध्ये जॉर्ज डेल्स यांनी दाखवलं की ते सांगाडे एका थरातले, एका घटनेतले नाहीतच. पुढे केनेथ केनेडी यांनी हाडं तपासली, तर घावाच्या खुणा अगदी मोजक्यांवर. पण तोवर ती कत्तल लोकांच्या डोक्यात पक्की बसली होती. तिच्या जोरावर राजकारण झालं, माणसं एकमेकांना उपरे आणि मूळचे म्हणत राहिली. अजून म्हणतात. एका झोकदार वाक्यानं काय होऊ शकतं, हे तुला कळायला हवं. तू उद्या संग्रहालयात नोकरीला लागशील, फलक लिहिशील. शाळेची मुलं ते फलक वहीत उतरवून घेतील.

अर्थ नीट कसा लावायचा हे शिकायला जर्मनीपर्यंत जायची गरज नव्हती. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं प्रौढांना घराच्या जमिनीखाली आडवं पुरत, आणि पुरण्याआधी घोट्याखालचे पाय तोडत. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात मात्र चार पायांचा मातीचा रांजण मिळाला. आत बसवलेला पुरुष, पाय शाबूत. उत्खनकांनी तो गावाचा प्रमुख असावा असं मांडलं. कशावरून? घर इतरांपेक्षा मोठं, शेजारी धान्याचं कोठार, दफनाची पद्धत सर्वांहून वेगळी, आणि जिथं सगळ्यांचे पाय तोडले तिथं याचे तोडलेले नाहीत. शेकडो दफनांचा नेम आधी माहीत होता, म्हणून अपवाद डोळ्यांत भरला. आणि तरीही ‘असावा’. तुझ्या पंधरा पानांत ‘असावा’ हा प्रयोग मला एकदाही दिसला नाही.

ग्लाउबर्गचा नेम काय होता, हे तू पाहिलंस का? त्याच परिसरात धान्याच्या जुन्या, मोकळ्या पेवांमध्ये माणसांचे सांगाडे मिळाले आहेत. त्यांना टेकाड नाही, सोनं नाही, सुरई नाही. अभ्यासकांनी त्यांच्या हाडांतली समस्थानिकं तपासली, टेकाडातल्या माणसांच्या आहाराशी ताडून पाहिली. कोण काय खात होतं आणि कोण कुठून आलं होतं, याचा पुरावा तिथं आहे. तुझा राजा कुणावर राज्य करत होता याचं उत्तर मिळालंच तर त्या पेवांत मिळेल. पेवांतल्या माणसांवर तुझ्या निबंधात एक ओळ नाही.

आणि दुसऱ्या कबरीवर अर्धी ओळ आहे. एकाच टेकाडात, त्याच काळात, एकाला पुरलं आणि एकाला जाळलं. दोघांनाही तलवार दिली, दोघांनाही मधाची दारू दिली. असं का केलं असेल, हा प्रश्न माझ्या मते त्या टेकाडातला सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत मोलाचा प्रश्न आहे. तुला तो पडलाच नाही, कारण जळालेल्या माणसाला चिलखत चढवता येत नाही.

निबंध परत घे. दुरुस्त करू नकोस, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. येत्या शुक्रवारी मला फक्त दुसऱ्या कबरीबद्दल चार पानं हवी आहेत. ती कुठं होती, किती खोल, हाडं कशी ठेवली होती, वस्तू कोणत्या क्रमानं मांडल्या होत्या, त्यांपैकी कशावर जळाल्याच्या खुणा आहेत आणि कशावर नाहीत. पहिल्या कबरीचा, पुतळ्याचा, हसळीचा उल्लेख नको. ती पानं मी वाचली की मग पहिल्या कबरीबद्दल बोलू. उत्खननाचा अहवाल जर्मन भाषेत आहे, पण आराखडे आणि वस्तूंची चित्रं पाहायला जर्मन लागत नाही. बाकीसाठी शब्दकोश घेऊन बस. ग्रंथालय सहाला बंद होतं, तेव्हा आता निघ.